५५ मैलांचा वाद : ‘टॉप गिअर’मधली टेस्ला आणि प्रेक्षकांचे दोन तट

बीबीसीच्या ‘टॉप गिअर’ या कार्यक्रमाच्या १४ डिसेंबर २००८ रोजी प्रसारित झालेल्या भागात निवेदक जेरेमी क्लार्कसन यांनी टेस्ला रोडस्टर ही विजेवरची स्पोर्ट्‌स कार चालवून पाहिली. ट्रॅकवर तिची बॅटरी ५५ मैलांतच संपेल असे त्यात सांगितले गेले, आणि ही गाडी माणसांनी ढकलत हँगरमध्ये, म्हणजे विमाने ठेवायच्या शेडमध्ये, नेल्याचे दृश्य दाखवले गेले. इतकी वर्षे उलटली तरी हा भाग पाहणाऱ्यांमध्ये दोन तट कायम आहेत. कार्यक्रमाने गाडीची खोटी बदनामी केली, असे एक तट म्हणतो. हा कार्यक्रम करमणुकीचा आहे, तो गांभीर्याने घेणाऱ्याचीच चूक आहे आणि कोर्टानेही तेच सांगितले, असे दुसऱ्या तटाचे म्हणणे. प्रश्नकर्त्यांनी दोन गोष्टी विचारल्या आहेत : वाहनचाचणीचे काम करणाऱ्याच्या दृष्टीने यांपैकी कोणाचे बरोबर, आणि विजेवरची गाडी घ्यायच्या विचारात असलेल्याने अशा भागावर कितपत विसंबावे. मी पुण्यात अनेक वर्षे वाहनचाचणीच्या कामात आहे आणि गाडीची रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये ती किती अंतर जाते ते, मोजणे हा त्यातला नित्याचा भाग असल्यामुळे उत्तर त्याच अंगाने देतो.

माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढची आकडेमोड कशासाठी चालली आहे ते कळेल. प्रेक्षकांचा सगळा वाद ५५ मैलांच्या आकड्याभोवती आणि गाडी ढकलण्याच्या दृश्याभोवती फिरतो. त्यातला आकडा बहुधा बरोबर होता आणि दृश्य दिशाभूल करणारे होते. खरी गफलत मात्र शेवटच्या एका वाक्यात झाली, आणि त्या वाक्याकडे दोन्ही तटांचे फारसे लक्ष गेलेले नाही.

आधी गाडीविषयी. रोडस्टर हे टेस्लाचे पहिले मॉडेल. तिचा सांगाडा लोटस एलिस या पेट्रोलवरच्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारच्या धाटणीवर बेतलेला होता. लॅपटॉपमध्ये वापरत त्या जातीच्या ६,८३१ छोट्या लिथियम-आयन सेलची तिची बॅटरी सुमारे ५३ किलोवॅट-तासांची, म्हणजे आपल्या वीजबिलाच्या भाषेत ५३ युनिटची होती. मोटरची कमाल ताकद २४८ अश्वशक्तीच्या आसपास आणि शून्यापासून ताशी ६० मैलांपर्यंतचा वेग साधारण चार सेकंदांत. २००८ साली विजेवरची गाडी म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे गोल्फच्या मैदानावरची छोटी गाडी येत असे, हे लक्षात घेतले तर हे आकडे किती वेगळे होते ते समजेल.

कार्यक्रमाच्या त्या तुकड्याचा पहिला अर्धा भाग स्तुतीचा आहे. क्लार्कसन यांनी रोडस्टरची पेट्रोलवरच्या एलिसशी शर्यत लावली, रोडस्टर पुढे निघून गेली, आणि तिच्या वेगाचे त्यांनी हातचे राखून न ठेवता कौतुक केले. ‘विजेच्या गाड्यांना बदनाम करायचे आधीच ठरले होते’ असे म्हणणारे प्रेक्षक हा भाग सोयीस्करपणे विसरतात. त्यानंतर सूर पालटतो. टेस्ला २०० मैल सांगते, पण आमच्या ट्रॅकवर ही गाडी ५५ मैलांतच संपेल असा आमचा हिशेब आहे, आणि ती संपली तर पुन्हा चार्ज करणे हे झटपट होणारे काम नाही, अशा आशयाचे निवेदन येते आणि त्याला लागूनच गाडी ढकलत नेण्याचे दृश्य. पुढे चाचणीतल्या दुसऱ्या रोडस्टरची मोटर तापून तिची ताकद कमी झाल्याचे आणि ती थंड होईपर्यंत पहिलीकडे वळावे तर चार्जिंगला लावलेल्या त्या गाडीचे ब्रेक तुटल्याचे सांगितले जाते. शेवटी क्लार्कसन निकाल देतात : ही तंत्रज्ञानातली थक्क करणारी कामगिरी आहे, जिला विकत घ्यावेसे वाटेल अशी विजेवरची ही पहिली गाडी आहे, पण प्रत्यक्ष जगात ती चालताना दिसत नाही हे दुर्दैव.

आता ५५ मैलांचा आकडा तपासू. इंग्लंडमधल्या डन्सफोल्ड या विमानतळावरचा ‘टॉप गिअर’चा ट्रॅक १.७५ मैलांचा, म्हणजे सुमारे २.८ किमीचा होता. ५५ मैल म्हणजे तिथल्या ३१ फेऱ्या. रोडस्टरसारखी गाडी जोरात हाकली तर एक फेरी दीड मिनिटाच्या आसपास होते, म्हणजे ३१ फेऱ्यांना पाऊण तास लागेल. ५३ युनिट पाऊण तासात संपवायचे असतील तर सरासरी ७० किलोवॅट ताकद सतत खेचली गेली पाहिजे. मोटरची कमाल ताकद सुमारे १८५ किलोवॅट आहे. ट्रॅकवर गाडी निम्मा वेळ पूर्ण पॅडल दाबून धावते, उरलेला वेळ ब्रेक आणि वळणांत जातो. ब्रेक मारताना काही ऊर्जा मोटर परत बॅटरीत ढकलते, पण कडक ब्रेकमध्ये तिचा मोठा भाग डिस्कवर उष्णता होऊन वाया जातो. हे सगळे धरले तर कमाल ताकदीच्या चाळीस टक्क्यांहून थोडी कमी सरासरी अगदी विश्वासार्ह वाटते. कार्यक्रमाचे निर्माते अँडी विल्मन यांनी नंतर लिहिले की हा आकडा आम्ही मनाने काढलेला नाही, तो टेस्लाच्याच कॅलिफोर्नियातल्या तंत्रज्ञांनी त्या गाडीची माहिती पाहून दिलेला आहे. माझ्या हिशेबाशी तो जुळतो, त्यामुळे त्यावर अविश्वास ठेवण्याचे मला कारण दिसत नाही.

पण याच बॅटरीचे दुसरे टोक पाहा. अमेरिकी सरकारी चाचणीपद्धतीनुसार रोडस्टरची रेंज २४४ मैल, म्हणजे सुमारे ३९३ किमी होती. ऑक्टोबर २००९ मध्ये ऑस्ट्रेलियात एका स्पर्धेत सायमन हॅकेट यांनी रोडस्टर एका चार्जमध्ये ५०१ किमी चालवली. ट्रॅकवर दर किमीला सुमारे ०.६ युनिट, सरकारी चाचणीत ०.१३ युनिटच्या आसपास आणि ऑस्ट्रेलियातल्या त्या संथ, जपून केलेल्या प्रवासात ०.११ युनिटहून कमी. गाडी तीच, बॅटरी तीच, आणि उत्तरे ८८ किमीपासून ५०१ किमीपर्यंत. यात कोणीच खोटे बोलत नाही. पेट्रोलच्या गाडीचेही असेच होते. ट्रॅकवर ती पेट्रोल अक्षरशः ओतते. पण तिची टाकी पाच मिनिटांत भरते, म्हणून त्या आकड्याची कोणी बातमी करत नाही.

चार्जिंगविषयीचे विधानही असेच अर्धे आहे. ब्रिटनमधला घरगुती प्लग १३ अँपिअरचा. २४० व्होल्ट धरले तर तासाला तीन युनिटच्या थोडे वर जातात, आणि ५३ युनिट भरायला सतरा तास लागतात. टेस्लाच्या ७० अँपिअरच्या खास जोडणीवर हेच काम साधारण साडेतीन तासांत होत असे. निवेदकाने यांतले काय सांगायचे निवडले, त्यावर प्रेक्षकाच्या मनात उमटणारी गाडी बदलते.

ढकलण्याच्या दृश्याबद्दल मात्र मी पहिल्या तटाच्या बाजूने आहे. टेस्लाने गाड्यांमधल्या नोंदींच्या आधारे सांगितले की चित्रीकरणात दोन्हींपैकी एकाही गाडीची बॅटरी २० टक्क्यांच्या खाली गेली नव्हती. बॅटरी संपली तर काय होईल ते आम्ही दाखवत होतो, असे कार्यक्रमाच्या बाजूने स्पष्टीकरण आले. निवेदनाचे शब्द काळजीपूर्वक ऐकले तर ते खरेच ‘संपली तर’ अशा सशर्त भाषेत आहेत. पण चित्राला जर-तर नसते. चार माणसे गाडीला हात लावून ती हँगरच्या दारातून आत ढकलत आहेत, हे पडद्यावर पाहणाऱ्याला घडलेलेच वाटणार. आमच्या कामात चाचणीच्या अहवालाला फोटो जोडला की त्यावर वेळ आणि मीटरचे वाचन असावेच लागते, ते नेमके याच कारणासाठी. फोटोखाली कितीही सावध ओळ लिहिली तरी पाहणारा आधी फोटोवर विश्वास ठेवतो. पडद्याच्या कोपऱ्यात ‘प्रात्यक्षिक’ एवढा एक शब्द टाकला असता तर पुढचे सगळे रामायण टळले असते, असे मला वाटते. विनोदाची धार थोडी बोथट झाली असती, इतकेच.

यात एक तांत्रिक गंमत आहे आणि ती मी कुठल्याच तटाच्या युक्तिवादात पाहिलेली नाही. रोडस्टरची बॅटरी द्रवाने थंड केली जात असे, पण तिची मोटर आणि ताकदीचे नियंत्रण करणारा इलेक्ट्रॉनिक भाग हवेने थंड होत असत. हवेने थंड होणारी मोटर पाऊण तास सतत अशा ताकदीने चालवली तर ती तापते, आणि तापली की गाडीचे संगणक स्वतःहून ताकद कमी करतात. म्हणजे डन्सफोल्डवर खरोखरच ३१ फेऱ्या जोरात मारायला घेतल्या असत्या तर बॅटरी संपण्याच्या बरेच आधी मोटर तापून गाडीचा वेग उतरला असता, वेग उतरला की खर्च उतरतो, आणि मग ५५ मैलांचा आकडा त्या अर्थाने गाठलाच गेला नसता. दाखवलेल्या तीन दोषांपैकी ट्रॅकवर घडण्याची सर्वांत जास्त शक्यता असलेला दोष मोटर तापण्याचा होता. सर्वांत कमी शक्यतेचा, बॅटरी पूर्ण संपण्याचा, आणि तोच सगळ्यांच्या लक्षात राहिला. प्रेक्षकांपैकी जे म्हणतात की ‘मोटर तापली हेही खोटेच असणार’, त्यांनी ते मागे घ्यावे. ताकद कमी होणे ही गाडीने स्वतःला वाचवण्यासाठी केलेली कृती असते. ‘गाडी बंद पडली’ असे तिचे वर्णन करणे अतिशयोक्तीचे, पण ट्रॅकवर मजा घ्यायला आलेल्या चालकाची निराशा खरीच.

ब्रेकचे प्रकरण छोटे आहे, पण त्यावर इतके गैरसमज ऐकले आहेत की दोन वाक्यांत भागणार नाही. पेट्रोल इंजिनात हवा आत ओढताना निर्वात तयार होतो आणि ब्रेकला पायाचा जोर वाढवून देणाऱ्या बूस्टरला तो पुरवला जातो. विजेच्या गाडीत असे इंजिन नसल्यामुळे त्यासाठी छोटा विजेवरचा पंप बसवावा लागतो. टेस्लाच्या म्हणण्याप्रमाणे त्या पंपाचा फ्यूज उडाला होता. अशा वेळी ब्रेक जात नाहीत. पॅडल दगडासारखे कडक होते आणि नेहमीच्या कितीतरी पट जोर लावावा लागतो. पेट्रोल वाचवण्याच्या नादात घाट उतरताना इंजिन बंद करणाऱ्या महाभागांना दोन-तीनदा ब्रेक दाबल्यावर हा अनुभव येतो, आणि म्हणूनच ती सवय जिवावर बेतणारी आहे. तेव्हा ‘ब्रेक तुटले’ हे शब्द चुकीचे होते. मात्र बूस्टर गेलेली गाडी ट्रॅकवर न काढण्याचा निर्णय शंभर टक्के योग्य होता. मी चाचणीप्रमुख असतो तर चावी काढून घेतली असती.

राहिला संहितेचा आरोप. चित्रीकरणाच्या दिवशीच तिथे आधीच लिहिलेली संहिता पडलेली होती आणि निष्कर्ष ठरलेला होता, असे टेस्लाचे म्हणणे होते. यावर बरेच प्रेक्षक चिडतात. मला यात विशेष काही दिसत नाही. गाडी आधी चालवून मत बनवायचे आणि मग चित्रीकरणासाठी मसुदा करायचा, ही टीव्हीवरच्या वाहन-परीक्षणाची सर्रास पद्धत आहे, आणि विल्मन यांनीही गाडी आधी चालवली गेली होती असेच उत्तर दिले. मसुदा असणे हा दोष नव्हे. मसुद्याच्या विरुद्ध काही घडले तर तो फाडायची तयारी आहे की नाही, हा खरा प्रश्न; आणि त्याचे उत्तर बाहेरून कोणालाच देता येत नाही.

कोर्टाकडे वळू, कारण ‘कोर्टाने बीबीसीला बरोबर ठरवले’ हे वाक्य दुसरा तट हुकमी पानासारखे टाकतो. भागाचे पुनःप्रसारण चालूच राहिल्याची तक्रार करत टेस्लाने मार्च २०११ मध्ये लंडनमध्ये दावा लावला. दाव्याचे दोन भाग होते : एक बदनामीचा, दुसरा दुर्हेतूने खोटी विधाने करून धंद्याचे नुकसान केल्याचा. न्यायमूर्ती टुगेंडहॅट यांनी ऑक्टोबर २०११ मध्ये पहिला भाग काढून टाकला आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये दुसराही पुढे चालवण्याजोगा नसल्याचे ठरवले. मार्च २०१३ मध्ये अपील कोर्टाने टेस्लाचे अपील फेटाळले. ट्रॅकवरची हाकण्याची पद्धत आणि सार्वजनिक रस्त्यावरची परिस्थिती यांत इतका उघड फरक आहे की कोणताही समंजस माणूस ट्रॅकवरच्या कामगिरीची रस्त्यावरच्या कामगिरीशी थेट तुलना करणार नाही, म्हणून टेस्लाने रेंजबाबत लोकांना फसवले असा अर्थ त्या शब्दांतून निघतच नाही, असा न्यायमूर्तींच्या तर्काचा गाभा होता.

यात दोन गोष्टी नीट वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. एक, दावा साक्षीपुराव्यापर्यंत गेलाच नाही. बॅटरी २० टक्क्यांवर होती की शून्यावर, दृश्य रचलेले होते की नव्हते, यावर कोर्टाने निकाल दिलेला नाही. मांडलेला दावा कायद्यात बसत नाही एवढेच सांगितले. त्यामुळे कोर्टाने चाचणी खरी ठरवली असे म्हणणारा प्रेक्षक निकाल न वाचता बोलतो. दोन, कायद्यातला समंजस प्रेक्षक आणि दिवाणखान्यात बसलेला प्रेक्षक ही दोन वेगळी माणसे आहेत. समंजस प्रेक्षक ट्रॅक आणि रस्ता वेगळे ठेवतो, हे कायद्याच्या दृष्टीने पटण्यासारखे आहे. पण त्या तुकड्याचा शेवट आठवा. निवेदकानेच निकाल देताना गाडी ‘प्रत्यक्ष जगात’ चालत नसल्याचे म्हटले. पुरावा सगळा ट्रॅकवरचा आणि निष्कर्ष रस्त्यावरचा. ५५ मैलांच्या वाक्यात ‘आमच्या ट्रॅकवर’ हे शब्द होते, शेवटच्या वाक्यात ते नव्हते. चाचणीच्या अहवालात अशी उडी कोणी मारली तर तो अहवाल मी परत पाठवीन. कार्यक्रमावरचा माझा खरा आक्षेप इथे आहे, आणि पहिल्या तटाने आपली सगळी ताकद ५५ या आकड्यावर खर्च केल्यामुळे हा आक्षेप त्यांच्या हातून निसटला.

दुसऱ्या तटाच्या ‘करमणूक आहे हो’ या म्हणण्यातही तथ्य आहे, पण ते अर्धेच, आणि त्याला इतिहास आहे. ‘टॉप गिअर’ १९७७ मध्ये बीबीसीच्या मिडलँड्‌स विभागाचा स्थानिक कार्यक्रम म्हणून सुरू झाला तेव्हा तो गाडी घेणाऱ्यांना सल्ला देणारा, बराचसा रूक्ष कार्यक्रम होता. क्लार्कसन आणि विल्मन यांनी २००२ मध्ये त्याला नवे रूप दिले आणि तो तीन मित्रांच्या गमतीजमतींचा कार्यक्रम झाला. नाव मात्र तेच राहिले, आणि वाहिनीही परवाना-शुल्कावर चालणारी सार्वजनिक बीबीसीच. म्हणून एकाच भागात काही मिनिटे गंभीर परीक्षण, मोजलेली फेरी, तिच्या वेळेची फळ्यावरची नोंद, आणि पुढच्याच मिनिटाला प्रहसन असे मिश्रण चाले. फेरीची वेळ खरी माना, पण ढकलणे विनोद म्हणून घ्या, असे प्रेक्षकाला कोणी सांगत नव्हते. ज्याला जे हवे ते त्याने खरे मानले. टेस्लाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा राग एवढा का, हेही समजून घ्यायला हवे : डिसेंबर २००८ मध्ये ही कंपनी आर्थिकदृष्ट्या जेमतेम तगून होती, त्या महिन्याच्या अखेरीस मिळालेल्या पैशांवर ती वाचली, आणि तिच्याकडे विकायला एवढे एकच मॉडेल होते.

हा प्रकार तिथेच थांबला नाही. ३१ जुलै २०११ च्या भागात क्लार्कसन आणि त्यांचे सहनिवेदक जेम्स मे विजेवरच्या दोन गाड्या घेऊन समुद्रकिनाऱ्याकडे निघाले आणि त्यांतली निसान लीफ लिंकन शहरात चार्ज संपून अडकली. गाडीतून आपोआप मिळणाऱ्या माहितीच्या आधारे निसानने सांगितले की गाडी निघाली तेव्हाच पूर्ण चार्ज नव्हती आणि ती संपेपर्यंत लिंकनमध्ये फिरवली गेली. पुन्हा तेच दोन तट, तेच युक्तिवाद. फेब्रुवारी २०१३ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पत्रकाराने टेस्ला मॉडेल एस घेऊन केलेल्या थंडीतल्या प्रवासाचा वृत्तांत छापला तेव्हा टेस्लाने थेट गाडीच्या नोंदी जाहीर केल्या; त्या वर्तमानपत्राच्या वाचक-प्रतिनिधी मार्गारेट सुलिव्हन यांनी पत्रकाराच्या सचोटीवर शंका घेतली नाही, पण नोंदी ठेवण्यातली ढिलाई आणि काही निर्णय यांवर बोट ठेवले. माझ्या मते हा निवाडा २००८ च्या भागालाही बराचसा लागू पडतो. गाडी आता स्वतःच साक्षीदार असते, हे परीक्षण करणाऱ्यांच्या अंगवळणी पडायला वेळ लागला.

आता दुसरा प्रश्न, आणि इथे आपल्याकडचा अनुभव जास्त उपयोगी आहे. गाडी घेणाऱ्याने अशा भागावर किती विसंबावे? रेंजच्या बाबतीत अजिबात नाही. पण मग ज्या अधिकृत आकड्यावर आपण विसंबतो तो कसा निघतो, हेही माहीत असू द्या. प्रयोगशाळेत गाडी रोलरवर उभी करून पट्ट्यांनी बांधतात. समोरच्या पडद्यावर वेगाची आखून दिलेली रेषा सरकत असते आणि चालकाने आपला ठिपका त्या रेषेवर ठेवायचा असतो. वर-खाली होण्याची मुभा अगदी थोडी, त्यामुळे हे काम वाटते त्यापेक्षा कंटाळवाणे आणि कौशल्याचे आहे. भारतातल्या ठरलेल्या चाचणीक्रमात कमाल वेग ताशी ९० किमी, आणि तोही थोडाच वेळ; एसी बंद; खोलीचे तापमान ठरलेले; रस्त्याला चढ नाही, खड्डा नाही, समोरून वारा नाही. हा आकडा प्रामाणिक असतो, पण त्याचे प्रयोजन एका गाडीची दुसरीशी समान अटींवर तुलना करणे हे आहे. तुम्ही किती किमी जाल हे सांगणे त्याचे काम नव्हे.

२०२० मध्ये आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ युनिटची आणि प्रमाणित रेंज ३१२ किमी होती. प्रत्यक्षात बहुतेक मालकांना दोनशे किमीच्या आसपासच मिळत असे. एका ग्राहकाच्या तक्रारीवरून मार्च २०२१ मध्ये दिल्ली सरकारने या गाडीचे अनुदान थांबवले आणि लगेच दिल्ली उच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. तेव्हा आपल्याकडेही प्रेक्षकांसारखेच दोन तट पडले : कंपनी खोटी, की ग्राहकाला गाडी चालवता येत नाही? दोन्ही म्हणणी चूक होती, आणि कारण डन्सफोल्डचेच. एका परिस्थितीतला आकडा दुसऱ्या परिस्थितीला चिकटवलेला. पुढे २०२४ पासून त्याच कंपनीने प्रमाणित आकड्याबरोबर बहुतेक ग्राहकांना प्रत्यक्षात मिळू शकेल असा वेगळा, कमी आकडाही द्यायला सुरुवात केली, हे मला स्वागतार्ह वाटते.

उदाहरण म्हणून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग घ्या. ताशी १०० किमीच्या वेगाला हवेचा अवरोध ५० किमीच्या चौपट असतो, म्हणून शहरात मिळणारी रेंज तिथे मिळत नाही. पेट्रोलच्या गाडीचा नेमका उलटा अनुभव असल्यामुळे नवे मालक इथे हमखास गोंधळतात. शिवाय पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहे. माणसे धरून सतराशे किलोची गाडी एवढी वर चढवायला, नुसत्या उंचीसाठी, अडीच युनिट लागतात. मोटर आणि बॅटरीतली घट धरून तीन. तीस युनिटच्या बॅटरीतला दहावा भाग एकट्या घाटात गेला. उतरताना त्यातला काही परत मिळतो, पण सगळा नाही.

तेव्हा टीव्हीवर किंवा मोबाइलवर एखाद्या गाडीच्या रेंजची चाचणी पाहताना आधी या गोष्टी सांगितल्या आहेत का ते बघा : निघताना आणि पोहोचताना बॅटरी किती टक्के होती, सरासरी वेग किती, एसी चालू होता का, माणसे किती, रस्ता चढाचा की सपाट, बाहेरचे तापमान किती. हे सांगितले नसेल तर तो भाग आवडीने पाहा, हसा, पण त्यातला आकडा वहीत उतरवू नका. गाडी घेण्यापूर्वी विक्रेत्याकडून ती अर्धा दिवस मागून घ्या, तुमच्या रोजच्या रस्त्यावर, तुमच्या घरच्या माणसांसह, एसी लावून चालवा, आणि पडद्यावर दर किमीला किती युनिट खर्च झाले ते पाहा. बॅटरीच्या वापरता येणाऱ्या युनिटना त्या आकड्याने भागा. येणाऱ्या उत्तरातून पाचवा हिस्सा राखीव म्हणून वजा करा आणि उरलेल्या किमीत तुमचा सर्वांत लांबचा नेहमीचा प्रवास बसतो का ते बघा. बसत नसेल तर मोठी बॅटरी घ्या, किंवा वाटेत चार्जर कुठे आहे आणि तो आठवड्यातले किती दिवस खरोखर चालू असतो, हे तिथे जाऊन पाहून या.